शून्य चरबीची गोड बाटली

दिगंबर मेश्रामांनी महिनाभर रोजच्या दोन भाकऱ्या सोडल्या, भात सोडला, तरी वजन रत्तीभर घटलं नाही. उलट बुधवारी भर उन्हात, चंद्रपूरच्या विनाचालक बसच्या आगारात काम करताना ते भोवळ येऊन खाली बसले. कमी खाऊनही वजन तेवढंच, आणि वर ही चक्कर. त्यांच्या तेरा वर्षांच्या नूपुरला हे कोडं सुटेना.

"बाबा, तुम्ही दिवसभर पिता काय?"

"महिनाभर रोज ह्या दोन बाटल्या. पाणी कमीच केलंय, पाण्यानं वजन वाढतं म्हणतात नं."

बाटलीवर सडपातळ माणसाचं चित्र होतं आणि ठळक अक्षरं होती : 'तनुधारा. चरबी शून्य.'

शनिवारी नूपुर बाबांना घेऊन शहराच्या नागरिक प्रयोगशाळेत गेली. तिथला यंत्रमानव 'पारखी' कुणीही आणलेली वस्तू तपासून देई. त्यानं शंभर मिलिलिटर पेय काचपात्रात घेऊन मंद तापवलं.

"हे बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन जाणं). पाणी उडून जाईल, विरघळलेलं खाली उरेल."

तळाशी चिकट थर उरला. अकरा ग्रॅम.

"जवळजवळ सगळी साखरच," पारखी म्हणाला. "अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचावन्न ग्रॅम, म्हणजे अकरा चमचे. दोन बाटल्यांत सुमारे तीन भाकऱ्यांची ऊर्जा."

"म्हणजे बाबांनी दोन भाकऱ्या सोडल्या आणि तीन प्यायल्या?" नूपुरनं बाटलीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "मग शून्य कसं लिहिलं?"

"ते खोटं नाही. साखरेत चरबी नसते."

नूपुरला खोट्यापेक्षा या खऱ्याचाच जास्त संताप आला. उपाशी राहणाऱ्या माणसाला असं खरं सांगून फसवायचं?

"आणि भोवळ?" बाबांनी हळूच विचारलं.

"निर्जलीकरण (शरीरातलं पाणी कमी होणं). आपल्याला थोडं पाणी जेवणातूनही मिळतं. तुम्ही जेवण कमी केलं, पाणीही तोडलं आणि उन्हात घाम गाळला. साध्या पाण्यानं चरबी वाढत नाही. तहान साध्या पाण्यानं भागवा. फार घाम आला तर चिमूटभर मीठ घातलेलं पातळ ताक घ्या, नाहीतर बिनसाखरेचं लिंबूपाणी. लघवी फिकट पिवळी असली की समजा, पाणी पुरतंय."

नूपुर तिथंच तक्रार लिहायला बसली.

"जाऊ दे नं, बाई," बाबा म्हणाले. "आपण नाही पिणार आता."

"आगारातले बाकीचे काका पितात त्याचं काय?"

बाबांनी खुर्ची ओढली आणि तिच्या नावाखाली स्वतःची सही केली.

पंधरा दिवसांत बाबांचं वजन एक किलोनं उतरलं, भोवळ पुन्हा आली नाही. तक्रारीवर आगारातल्या एकेचाळीस जणांच्या सह्या झाल्या. प्रत्येक बाटलीवर समोरच साखरेचे चमचे छापावेत, ही त्यांची मागणी महापालिकेनं सुनावणीला घेतली.

"एवढ्या मोठ्या माणसांसमोर काय बोलशील?" बाबांनी विचारलं.

"आधी काहीच नाही," नूपुर म्हणाली. "त्यांच्यासमोर एक रिकामा पेला ठेवीन आणि अकरा चमचे साखर त्यांनाच मोजून घालायला सांगीन."