डावीकडचे टायर

आनंदराजला लाल रंगाची, दोन सीटची, छत उघडणारी गाडी घ्यायची होती, ही गोष्ट कॉलेजात सगळ्यांना तोंडपाठ होती. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवणाऱ्या माणसाने असलं खूळ डोक्यात घ्यावं, आणि तेही घरात तिसरं माणूस येऊ घातलेलं असताना, याची विशाखा पुरेपूर टर उडवायची. "बाळाला काय डिक्कीत ठेवायचं का?" ती विचारायची. ती हसते आहे याचंच त्याला अप्रूप होतं. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं आणि नंतर कित्येक दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललंही नव्हतं. आता पुन्हा पाचवा लागला होता. आनंदराज वरवर गाडीच्या गप्पा मारायचा आणि आतून जीव मुठीत धरून असायचा.

लातूरमधल्या अशाच एका गाडीची जाहिरात मोबाइलवर विशाखानेच दाखवली. तिला एवढा प्रवास नको म्हणून तो एसटीने एकटाच गेला.

गाडीचा मालक शिवलिंग हा डाळ मिलवाला. औसा रोडवरच्या मोठ्या घरात बायको गेल्यापासून तो आणि त्याची आई बसम्मा, दोघंच राहत. मागच्या शेडमध्ये तुरीच्या चुनीची पोती रचलेली होती आणि त्या धुळीत ती लाल गाडी उभी होती. आनंदराजची कळी खुलली. इंजिन ऐकलं, छत उघडून-मिटून पाहिलं, मग सवयीने खाली बसून टायरवरची मापं वाचली. उजवीकडचे दोन्ही टायर कंपनीच्या मापाचे होते. डावीकडचे दोन्ही मोठे.

"शिवलिंगराव, हे टायर असे कसे?"

"मीच बसवलेत."

"अहो, गाडी उजवीकडे ओढेल अशाने."

"न्हाई वढत. चालवून बघा." शिवलिंग पोत्यांकडे बघत होता. "सर, बाकी काय बी बदला. तेवढे टायर ऱ्हाऊ द्या."

आनंदराज चार पावलं मागे गेला. डावे टायर मोठे, म्हणजे डावी बाजू उचललेली दिसायला हवी. पण गाडी अगदी समतल उभी होती. शेडची फरशी उतरती असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. गाडी मनात भरली की माणूस स्वतःची समजूत फार पटकन काढतो, आणि आनंदराज तर आधीच भरून पावला होता.

व्यवहार झाला. तो निघाला तेव्हा बसम्मा हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्या त्याच्याकडे आल्याच नाहीत. डावीकडच्या खिडकीशी गेल्या, वाकल्या, आणि हिरवा खण, तांदूळ, नारळ अशी ओटी रिकाम्या सीटवर ठेवली. कुंकवाचं बोट त्यांनी खिडकीच्या आत नेलं आणि क्षणभर तसंच धरलं.

"नीट जा बाई," त्या म्हणाल्या.

लक्ष्मी समजून गाडीची पूजा करतात, तसलंच काहीतरी, आनंदराजला वाटलं. आणि ओटी? ती अर्थात विशाखासाठी. ती गरोदर असल्याचं त्याने बोलता बोलता सांगितलंच होतं. आपल्यात ओटीबिटी नाही, पण म्हातारीचं मन कशाला मोडा? त्याने हात जोडले. "देतो हं तिला," तो म्हणाला. बसम्मा रिकाम्या सीटकडेच बघत राहिल्या.

गाडी नांदेडपर्यंत सुतासारखी सरळ चालली. हे त्याच्या कुठल्याच गणितात बसेना. वाटेत एकच कटकट झाली. डावीकडच्या माणसाने पट्टा लावला नाही म्हणून गाडी टिंग टिंग वाजू लागली. नारळाचं वजन, दुसरं काय. त्याने नारळ उचलून डिक्कीत ठेवला. टिंग टिंग चालूच राहिली. शेवटी त्याने रिकाम्या सीटचा पट्टा अडकवला, तेव्हा आवाज थांबला.

विशाखाने गाडीभोवती एक फेरी मारली, पोट धरून हसली आणि ओटी घरात घेतली. खण तिला फार आवडला. नारळाची बर्फी झाली, आणि शेजारच्या सिंधुताईंनी त्या खणाचं सैलसं ब्लाउज शिवून दिलं. "मला कधी बसवणार?" ती रोज विचारायची.

"टायर बदलल्याशिवाय नाही." ह्या बाबतीत तो हटून बसला होता. चुकीच्या टायरांवर तिला तो गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेणार नव्हता.

टायर बदलायला तो गॅरेजवाल्या दस्तगीरभाईंकडे गेला. भाईंनी डावीकडचे दोन्ही टायर उतरवून योग्य मापाचे चढवले, जॅक काढला आणि गाडी डावीकडे कलली. थोडीशीच, पण बघताक्षणी दिसावी इतकी. त्यांनी स्प्रिंगा तपासल्या, हवा तपासली, जमिनीचा दोष नको म्हणून गाडी उलट्या तोंडाने उभी केली. गाडी पुन्हा डावीकडेच कलली. भाई उकिडवे बसून चाकाजवळ टेप लावत होते.

"सर, पहिले सवारी उतरवा ना. माप कसं येईल?"

"कोण सवारी?"

"बाई बसल्यात ना आत," भाई मान वर न करता म्हणाले.

आनंदराजने डावं दार उघडलं. सीट रिकामी होती. दस्तगीरभाई उठले, आत डोकावले, आणि बराच वेळ हात पुसत राहिले. "मला वाटलं," ते म्हणाले.

आनंदराजचं डोकं चालेना. त्याने तिथूनच शिवलिंगला फोन लावला.

"टायर बदलले न्हवं?" शिवलिंगने आधीच विचारलं.

"गाडी कलते आहे. काय भानगड आहे ही?"

"मंग? म्हणून तर मोठे बसवले हुते." पलीकडून मिलचं घरघरणं ऐकू येत होतं. "सर, ताईला त्या सीटवर बसवू नका."

"बसवलेलं नाही अजून."

"बरं झालं. आईनं वटी ठिवली हुती, ती सीटवरच हाय ना?"

"ती घरी दिली. बायकोला."

मिल बंद झाल्यासारखी वाटली. मग शिवलिंग अगदी हळू म्हणाला, "सर, ती वटी ताईची न्हवती."

फोन कटला. पुन्हा लागला नाही.

आनंदराज घरी आला तेव्हा विशाखा बंगईवर झोके घेत बर्फीचा शेवटचा तुकडा खात होती. अंगात हिरवं ब्लाउज होतं. तिचा चेहरा प्रसन्न होता. त्याला भीती वाटली, आणि आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते हे सांगता येईना म्हणून स्वतःचा रागही आला. ते ब्लाउज काढ, असं सांगायला कारण काय देणार? त्याने गाडीची किल्ली कपाटात टाकली आणि कुलूप लावलं.

सकाळी तो खाली गेला. गाडी समतल उभी होती.

त्याने पाणसळीचं ॲप लावून मोबाइल टपावर आडवा ठेवून पाहिला. मग बॉनेटवर. कुठेही फरक नाही. चारही टायर कंपनीच्या मापाचे, आणि गाडी सरळ. रात्रभरात स्प्रिंगा बसल्या असतील. इतकी साधी गोष्ट. तो एकटाच हसला आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

त्याच दिवशी तपासणी होती. तरी त्याने रिक्षाच बोलावली.

रिक्षात विशाखा त्याला खेटून बसली. पलीकडे जागा रिकामी होती.

"सरक की थोडी," तो म्हणाला.

"कुठं सरकू?" ती म्हणाली.

दवाखान्यात नर्स खाली मान घालून लिहीत होती. विशाखा वजनकाट्यावर चढली. काटा फिरला. नर्सने आकडा पाहिला, मागच्या महिन्याचा पाहिला, आणि पेन तसंच धरून म्हणाली, "एकेक जणी उभ्या ऱ्हावा ओ काट्यावर."

खोलीत दुसरी कुणीच बाई नव्हती.

आनंदराजने विशाखाकडे पाहिलं. ती दचकली नाही. तिने फक्त आपली पावलं उजवीकडे घेतली, काट्याच्या अगदी कडेला, आणि डावीकडे बघून हळूच म्हणाली, "उतर गं जराशी."

काटा मागे आला.