गहिनीनाथाची पाळी

या, असे जवळ सरकून बसा. मृदंगाला अजून कणीक लागते आहे, बुवा उभे राहायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. डोळ्यांदेखत घडलेली आहे. तिचा अर्थ मला लागलेला नाही आणि कुणी लावून दिला तर मी ऐकणारही नाही.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मी भिंगारला लष्करी वर्कशॉपात फिटर होतो. रविवारी मी आणि सहादेव राहुरीच्या अंगाला नव्या धरणाच्या काठाकाठानं छोटी नाव वल्हवायचो. नाव कसली, फळ्यांचं घमेलं. हौस एवढीच. सहादेव माझा टाळकरी मित्र. त्याचं गाव, डोंगरवाडी, त्याच पाण्याखाली गेलेलं. टेकडी आणि तिच्यावरचं विठ्ठलाचं देऊळ तेवढं बेटासारखं वर उरलं होतं.

गाव बुडालं तेव्हा देवळात सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. एकाची पाळी संपली की दुसरा येतो, आधीच्याच्या पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. काल्याचं कीर्तन झालं की मगच ती देवापुढं टेकायची. काल्याच्या आदल्या दिवशी पाणी चढलं. वीणा सहादेवाचे वडील भिमाजीबाबा यांच्या गळ्यात होती. पुढची पाळी गहिनीनाथाची. तो दावणीची म्हैस सोडायला खाली गेला तो परत आला नाही. बाकीच्यांना होड्यांतून काढलं. बाबा वीणेसकट काठावर उतरले आणि म्हणाले, "काला झाला न्हाई. सप्ता चालू हाय."

आणि नव्या वसाहतीत तो चालूच राहिला. बाबा, सहादेव, सून चांगुणा, यांच्या गळ्यात आळीपाळीनं वीणा. लोक हसत. "भिमाजी, वीणा हाय का अंगावरचं लेकरू?"

"लेकरूच. खाली ठिवलं तर रडंल," बाबा म्हणत.

नव्या देवळात काला उरकून घ्या म्हणायला पंच आले. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पण फाल्गुनात बाबा अंथरुणाला खिळले. वीणा आपल्या देवळात टेकली, एवढं ऐकायचं आणि मग डोळे मिटायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आमचं घमेलं मधल्या वाऱ्यात टिकणारं नव्हतं. लांब पल्ल्याची नाव हवी होती.

ती भिंगारच्या जुन्या बाजारात मिळाली. बदली झालेल्या कुणा साहेबाच्या दोन कयाक, म्हणजे बसायची जागा सोडून वरून कापडानं झाकलेल्या निमुळत्या नावा, विकायला होत्या. एक आखूड, नव्या रंगाची, एका माणसाची. दुसरी लांबलचक, अरुंद, दोन जागांची, रबरी कापडाला ठिगळं असलेली.

"रंग बघून घ्यायला ही काय नवरी हाय?" असं म्हणून सहादेव लांबडीपाशी बसला. मी तिच्या लाकडी फासळ्या एकेक दाबून पाहिल्या, टोकाकडून डोळा लावून कणा सरळ असल्याची खात्री केली, ठिगळांच्या कडा नखानं उचकटून पाहिल्या. पक्क्या होत्या. हिशेब सोपा होता. मागं मी वल्हवणार, पुढं सहादेव वीणा धरून बसणार. दोघांना दोन जागा पुरे.

कॅम्पातल्या तळ्यात रिकामी सोडली. पाण्यावर रेघ मारावी तशी सपाट तरंगली.

धरणावर नेली आणि रिकामीच पाण्यात लोटली, तर ती मधोमध दबली. दोन जागांच्या मधल्या कापडी पाठीवर कुणी बसावं, तेवढीच. मी काठावर ओढून पालथी केली. आत ना पाणी ना दगड. पुन्हा लोटली. पुन्हा दबली.

"परत देऊ या हिला," मी म्हटलं.

"बुडती का?"

"बुडत नाही."

"मंग दबू द्या की."

काठावरचा राखणदार आडवा आला. "मदी जायाला मनाई हाय."

"आमचाच गाव हाय खाली," सहादेव म्हणाला. "घरी जायाला कुनाची मनाई? आडवायचं आसंल तर पान्यात उतरून आडवा."

तो उतरला नाही.

सकाळ स्वच्छ होती. सहादेव पुढं, वीणा गळ्यात, बोटं तारेवर. मी रामकृष्ण हरी म्हणत वल्हं मारत होतो. टेकडी समोर दिसत होती. अर्ध्या वाटेवर, जिथं खाली गावची वेस असावी, तिथं वारा सुटला.

लाटा आडव्या येऊ लागल्या. नाव कलंडायला लागली. एका वल्ह्यानं भागेना.

"सहादेव, दुसरं वल्हं घे."

"वीणा?"

ते आमच्या हिशेबात आलंच नव्हतं.

"दादा, धरा," म्हणून त्यानं गळ्यातली वीणा काढली आणि मागं न बघता खांद्यावरून दिली.

माझे दोन्ही हात वल्ह्यावर होते. पाणी डोळ्यांत जात होतं. वीणा त्याच्या हातून सुटलेली मला दिसली. मी डोळे मिटून घेतले.

तार वाजत राहिली.

संथ, ठेक्यात. आम्ही त्या ठेक्यावर वल्ही मारली.

टेकडीला नाव लागली. आम्ही दोघे चिंब. वीणा आमच्या मध्ये उभी होती, पट्ट्याचा फास मानेएवढा उघडा.

"बरी धरलीत, दादा."

"मी नाही धरली."

सहादेवानं पट्टा हातात घेतला. कोरडा होता.

आम्ही काला केला. मी चार शब्द बोललो, बरोबर आणलेल्या दही-लाह्या वाटून खाल्ल्या, वीणा विठ्ठलापुढं टेकवली. परत येताना नाव सपाट तरंगत होती.

बाबांनी सगळं पडल्यापडल्या ऐकलं. हसले. एवढंच विचारलं, "वीणा घ्यायच्या आदी पाया पडला का त्यो?"

सहादेवानं आपल्या पावलांकडं बघितलं.

"लाटंत आसताना पायाला गार लागलं हुतं," तो म्हणाला. "आदी उजव्या, मंग डाव्या. मला वाटलं, नाव गळती."

टेकडीला लागल्यावर नाव मी स्वतः पालथी केली होती. आतून थेंब पडला नव्हता.

मृदंग लागला वाटतं. आज पहाऱ्याला जो कुणी वीणा घेईल, त्यानं पाया पडताना गहिनीनाथाची आठवण ठेवावी. त्यानं आपली पाळी चुकवली नाही.