मधली अकरा मिनिटं

हे घडलेलं आहे. तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. पण यातलं एकही वाक्य मी रंगवलेलं नाही, एवढं आधीच सांगते.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

वीस ऑगस्ट, रविवार. दुपारचे साडेतीन उलटलेले. इंजिनिएरो व्हाइट, म्हणजे बाहिया ब्लांकाचं बंदर. आमच्याकडे ही वेळ दुपारच्या झोपेची. दुकानांची शटरं खाली. रस्त्यावर माणूस नाही. ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे थंडीचे दिवस, त्यामुळे कुत्रीसुद्धा उन्हाचा तुकडा बघून गप पडलेली.

त्या शांततेत फोन वाजला.

पण आधी पापांबद्दल सांगायला हवं.

माझे पापा, एवारिस्तो ग्रासेत्ती, बंदरावर भरती-ओहोटीची नोंद ठेवायचे. चौतीस वर्षं. आई गेली, नोकरी संपली, आणि साठी उलटल्यावर ते एक प्रोग्रामिंगची भाषा शिकले. स्मॉलटॉक. भाषा जुनी. तिची माणसं थोडी आणि हट्टी. आमच्याकडची, उरुग्वेची, चिलीची अशी पन्नासेक मंडळी एका ग्रुपवर रोज मेल लिहायची. कोडवरून भांडायची, एकमेकांच्या चुका काढायची, वाढदिवस लक्षात ठेवायची.

सतरा वर्षं पापा त्या ग्रुपवर होते.

"पापा, त्यातल्या एकाला तरी भेटलायत का कधी?" मी विचारायची.

"भेटून काय करायचं? त्यांचा कोड वाचलाय मी."

पापांची एक सवय ग्रुपभर प्रसिद्ध होती. कोड तीन ओळींचा, आणि तो कशासाठी लिहिला ते सांगणारं टिपण वीस ओळींचं. वॉशिंग्टन सोरिया नावाचे एक निवृत्त गणिताचे मास्तर होते, उरुग्वेत पायसांदूला राहणारे. ते लिहायचे, "ग्रासेत्ती, एकदाची कादंबरीच लिहा आणि आम्हाला सोडा."

पापा उलट लिहायचे, "तुमचा कोड वाचून लोक रडतात, मास्तर. माझी टिपणं वाचून निदान हसतात."

दुसरी सवय घरातली. हातातलं वाक्य पुरं झाल्याशिवाय ते खुर्चीतून उठत नसत. फोन वाजत राहिला तरी. घरातला फोन बोळाच्या टोकाला होता, आणि पापांचा उजवा पाय जरा अधू. धक्क्यावर एकदा पडले होते, तेव्हापासून ते ती चप्पल घासत चालायचे.

म्हणून मी पंधरा वेळा फोन वाजू द्यायची. पंधरा म्हणजे आमचं ठरलेलंच होतं.

चौदा मार्चला, मंगळवारी, मी काम करते त्या शाळेच्या लायब्ररीतून चार वाजून दहा मिनिटांनी फोन केला. येत्या रविवारी यायला जमणार नाही, एवढंच सांगायचं होतं.

पंधरा वेळा वाजला.

वीस वेळा वाजला.

मी वैतागून ठेवून दिला. म्हटलं, बसले असतील ग्रुपवर भांडत.

संध्याकाळी शेजारच्या देलियाबाईंना ते बोळात सापडले. टेबल आणि फोन यांच्या बरोबर मध्ये. कोट अडकवायच्या खुंट्यांखाली.

डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल त्यांना. डॉक्टर असंच म्हणतात.

मी उठवलं नसतं, तर ते खुर्चीतच राहिले असते. कदाचित कुणाला हाक मारता आली असती. कदाचित काहीच झालं नसतं. पाच महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये वॉशिंग्टन मास्तरांचा मेल आला. ग्रुपच्या वतीने. पापांनी लिहिलेला भरती-ओहोटीच्या वेळा मोजणारा प्रोग्राम फेब्रुवारीनंतर त्यांनी कुणाला पाठवलाच नव्हता. तो फक्त त्यांच्या लॅपटॉपवर होता.

"पोरी, तुला यातलं काही कळायची गरज नाही," त्यांनी लिहिलं होतं. "आमच्या भाषेत प्रोग्राम कागदासारखा लिहून ठेवत नाहीत. सगळं एका जिवंत खोलीसारखं असतं. तिला आम्ही इमेज म्हणतो. सेव्ह केली की त्या क्षणी जे जसं होतं, तसंच थिजतं. उघडी खिडकी उघडी, अर्धा शब्द अर्धा. पुन्हा उघडलीस की तिथूनच पुढे चालू. त्या फाइलची एक प्रत मला पाठव. आणि तू स्वतः उघडलीस, तर बंद करताना ती विचारेल, बदल सेव्ह करू का? नाही म्हण. म्हणजे ग्रासेत्तींनी ठेवली तशीच राहील."

मी प्रत पाठवली. ग्रुपचं काम झालं.

माझं झालं नव्हतं. मी ती उघडली.

पापांच्या खिडक्या. पापांची मोठ्ठी अक्षरं, चष्मा शोधायचा कंटाळा म्हणून. आणि मधोमध एक टिपण, अर्धवट.

*हे मी नोएमीला कबूल केलं होतं, ती सात वर्षांची असताना. तिचा*

त्यापुढे लुकलुकणारी रेघ.

नोएमी म्हणजे मी.

शेवटचं सेव्ह, चौदा मार्च, तीन एकोणसाठ. माझा फोन चार दहाचा. त्यानंतर लॅपटॉप तसाच चालू राहिला आणि बॅटरी संपून बंद पडला. मधली अकरा मिनिटं कुठेच नव्हती. त्या अकरा मिनिटांत पापांनी काय लिहिलं? छातीत दुखत होतं का? मला हाक मारली का?

तेवढं कळलं असतं, तरी मी झोपले असते.

घर विकायचं होतं. मी सामान आवरायला रविवारी जाऊ लागले. ज्या रविवारी जमणार नाही म्हणून फोन केला होता, त्यानंतरचा एकही रविवार मी चुकवला नाही. दुपारी किटली ठेवायची, माते, म्हणजे आमचा नळीने प्यायचा कडू चहा, त्याचा पाला भिजवायचा आणि इमेज उघडून बसायचं. एकच पेला, एकच नळी. आम्ही दोघं तोच आलटून पालटून प्यायचो. काही करायचं नाही. नुसतं बघायचं. बंद करताना, नाही.

जून असेल. मी किटली आणायला स्वयंपाकघरात गेले, आणि...

पापांची खुर्ची करकरली.

लाकूड थंडीने आवाज करतं. मी तसं समजले.

पुढच्या रविवारी पुन्हा. आणि करकरण्यानंतर चप्पल. एक पाऊल साधं, एक घासत.

साधं... घासत... साधं... घासत...

बोळात आलं. आणि खुंट्यांपाशी थांबलं.

मी बाहेर येऊन पाहिलं. कोणी नव्हतं. जमिनीवर उन्हाचा चौकोन होता, तेवढाच.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, मला राग आला. म्हटलं, आलाच आहात तर बोला की! इतकं काय ते?

जुलैभर तसंच. मी स्वयंपाकघरात असले, की खुर्ची, चप्पल, खुंट्या. खोलीत बसून राहिले, की काही नाही. माझ्या देखत त्यांना लिहायला कधीच आवडायचं नाही.

मग तो वीस ऑगस्ट. साडेतीनला मी इमेज उघडली. माते गार होऊ लागलं होतं.

आणि फोन वाजला.

बोळातला फोन.

तो मी मे महिन्यात बंद करून घेतला होता. तार भिंतीतून काढून त्याच्याभोवती गुंडाळून ठेवली होती.

मी धावत गेले. तार तशीच गुंडाळलेली. फोन वाजतोय. मी रिसीव्हर उचलला.

"हॅलो? ... पापा?"

आत काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

आणि मागे, खोलीत...

टक. टक. टकटक. टक.

दोन बोटांनी. पापा दोनच बोटांनी टाइप करायचे.

मी वळले नाही. वळले तर थांबेल, असं वाटलं. रिसीव्हर कानाला धरून मी उभी राहिले, आवाज थांबेपर्यंत. मग खोलीत गेले.

टिपण पुरं झालं होतं.

*हे मी नोएमीला कबूल केलं होतं, ती सात वर्षांची असताना. तिचा डावा बूट ओहोटीच्या चिखलात गेला. पाणी तो परत कधी आणेल ते मोजून सांगीन म्हणालो होतो. एकतीस वर्षं लागली. उत्तर असं की तो येणार नाही. रविवारी ती आली की सांगतो, हसेल. फोन वाजतोय. तीच असणार.*

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बाहेर शटरं उघडायला लागली. कुणीतरी मोटारसायकल चालू केली. डोळे पुसले, उठले, आणि चार महिन्यांच्या सवयीने खिडकी बंद केली.

बदल सेव्ह करू का?

नाही.

बोट उचललं तेव्हा कळलं.

पुन्हा उघडली. *तिचा* आणि लुकलुकणारी रेघ.

मी ओरडले. देलियाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "नोएमी? काय गं, पडलीस का?"

"नाही हो. उंदीर."

त्याच संध्याकाळी मी मास्तरांना सगळं लिहिलं. हसतील म्हणून वाट पाहिली. उत्तर दहा मिनिटांत आलं.

"रडू नकोस. आमच्या भाषेत टिपण पक्कं केलं की ते शेजारच्या एका वहीतही उतरतं, इमेज सेव्ह कर अथवा करू नको. ती वहीची फाइल पाठव."

पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं:

"चौदा मार्च, तीन अठ्ठावन्ननंतर काही नाही. मग थेट वीस ऑगस्ट, तीन वाजून एकेचाळीस मिनिटं. संपूर्ण टिपण, तू मला मेलमध्ये कळवलंस तसंच. खाली ग्रासेत्तींची आद्याक्षरं. पण नोएमी, त्यांच्या इमेजमध्ये कोणीही लिहिलं तरी त्यांचीच आद्याक्षरं पडतात. ही चूक आम्ही सगळे करतो. दुसऱ्याच्या खोलीत बसून लिहितो आणि सही त्याची पडते. तू लिहिलं असशील, पोरी. दुःखात माणसाला आठवत नाही."

असेल. पाच महिने मी धड झोपले नव्हते. बुटाचं मला माहीत होतं. बूट माझाच होता. पण ते अजून मोजत होते, हे मला माहीत नव्हतं. मी ते विसरून गेले होते.

आणि मग मला दुसरंच काही सुचलं.

साडेतीनला उघडली, तीन एकेचाळीसला फोन. अकरा मिनिटं.

मी दर रविवारी पापांना तीन एकोणसाठला आणून बसवत होते. तिथून ते पुढे जगत होते. अकरा मिनिटं लिहीत होते. मग फोन वाजत होता, मला ऐकू आला नाही तरी, ते उठत होते, आणि खुंट्यांखाली...

दर रविवारी. मी स्वयंपाकघरात माते भिजवत असताना.

सत्तावीस ऑगस्टला मी शेवटची गेले. साडेतीनला इमेज उघडली आणि खोलीत थांबले नाही. बोळात, खुंट्यांखाली जाऊन उभी राहिले. पाठ भिंतीला लावून.

टकटक ऐकू येत होतं.

मग फोन. मी हलले नाही. मोजत राहिले. तेरा... चौदा... पंधरा.

खुर्ची करकरली.

साधं... घासत... साधं... घासत...

माझ्यासमोर येऊन थांबलं. हातभर अंतरावर. दाढीच्या साबणाचा वास आला. बाकी काही नाही.

"पापा, घाई नाही," मी म्हणाले. "फोन माझाच आहे. मी आलेय."

फोन थांबला.

आणि चप्पल... एक पाऊल. घासत. मला ओलांडून पुढे.

आणखी एक.

फोनच्या टेबलापर्यंत गेली. त्यापुढे मी ऐकलं नाही, कारण मी तोंडावर हात दाबून खाली बसले होते.

खोलीत गेले. टिपण पुरं होतं. मी खिडकी बंद केली.

बदल सेव्ह करू का?

हो.

तीन एकोणसाठ गेलं. माझ्या हाताने गेलं. आता इमेज उघडली की पुरं झालेलं टिपण दिसतं, आणि घरात काही वाजत नाही. मी त्यांना पोचवलं की पुसलं, मला सांगता येत नाही. ऑक्टोबरात घर विकलं. खुंट्या काढून आणल्या. माझ्याकडे त्या लावायला जागा नाही.

इथे थांबता आलं असतं.

पण परवा मास्तरांचा मेल आला. कोडबद्दल काही नाही, थट्टा नाही. एवढंच:

"नोएमी, ग्रासेत्तींना मी कधी पाहिलं नाही. आवाजही ऐकला नाही. एक विचारतो, रागावू नकोस. तू एप्रिलमध्ये पाठवलेली प्रत मी त्यांचा प्रोग्राम समजून घ्यायला रोज दुपारी उघडतो. ते चालताना उजवी चप्पल घासायचे का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

माझ्याकडची अकरा मिनिटं संपली. पायसांदूत ती रोज दुपारी सुरू होतात.

आणि तिथल्या बोळात मी नसते.