वाचला की सोडला

दातांच्या कवळ्या बनवणारी ती बाई ब्लॉगवर पुस्तकांबद्दल खरं तेच लिहायची. कंटाळा आला तर कंटाळा, लेखक ढोंगी वाटला तर ढोंगी. लोक शिव्या घालत. ती त्या पुसत नसे. नोंदीच्या शेवटी एकच शब्द. पुस्तक संपवलं तर 'वाचलं', टाकून दिलं तर 'सोडलं'. कादंबरी असली तर 'वाचली', संग्रह असला तर 'वाचला'.

'कादंबरी सोडली' असं तिने लिहिलं, त्याच दुपारी शेजारीण गेली. कवितासंग्रह सोडला, त्या दिवशी तिच्या कवळ्यांच्या लॅबचा म्हातारा शिपाई. लॅबचा मालक जिन्यावरून गडगडत खाली आला, तेव्हा तिने नुकताच एक कथासंग्रह संपवला होता. मालकाला पाठीमागे कुणी अहो-जाहो करत नसे. "वाचला," सगळे म्हणाले. मेण खरवडता खरवडता तिने ते ऐकलं. योगायोग, झालं. आई गेल्यापासून तिच्या आत काही हलतच नव्हतं.

मग धाकट्या भावाला ऑपरेशनला आत नेलं. भावजय तिचा ब्लॉग रोज वाचायची. तिने नणंदेच्या घरून तिचा अर्धवट राहिलेला जाडजूड ग्रंथ आणला होता.

"ताई, एवढा पुरा करा."

"वेडी आहेस का?"

"असू दे. पण ह्याला सोडू नका."

ग्रंथ म्हणजे निव्वळ भुसा. ती बाकावर बसून वाचत राहिली. फिनेलचा वास, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारी भावजयीच्या चपलांची चुळबुळ. अक्षरं डोळ्यांवरून जात होती, आत एकही उतरत नव्हतं.

एक नर्स धावत आत गेली.

पाठोपाठ दुसरी.

तिने मधली पानं चिमटीत धरून उलटली, शेवटचं तेवढं वाचलं आणि फोनवर लिहिलं : 'ग्रंथ वाचला.' ब्लॉगवरचं पहिलं खोटं.

डॉक्टर मास्क उतरवत बाहेर आले.

"वाचला."

भाऊ घरी आला. पोटभर जेवला. बहिणीला 'कवळीवाली' म्हणून चिडवलं. कामावर जायला लागला.

काही आठवड्यांनी भावजय लॅबमध्ये आली. रडली नाही, भांडली नाही. मधली किती पानं सोडलीत, एवढंच तिने विचारलं. कवळीवाली मेण खरवडत राहिली.

"हे बैठकीतून उठतात," भावजय म्हणाली, "आणि स्वयंपाकघरात पाणी पितात. वाटेवरच्या मधल्या खोलीत मी बसलेली असते, ताई. तिथून कुणी जात नाही."