आली म्हणायचं नाही

लाईट आली की "आली!" म्हणून ओरडायचं नाही. माझ्याजवळ बसायचं असेल तर एवढं पाळायचं. थ्री-फेज साडेबाराला येणार. अजून पाऊण तास आहे. ओम, ती बॅटरी विझव. मोटर काही पळून जात नाही. का म्हणायचं नाही ते सांगतो.

"आबा, भुताची हाय का?"

घडलेली आहे. भूत कुठलं ते तुम्ही ठरवा. आणि मध्ये बोलू नका.

काष्टीत नूरमहंमदचं वायरिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो, सगळं त्याच्याकडं यायचं. शाळा त्याची आणि माझी सारखीच, तिसरी. पण हात असा, की शिकलेले त्याच्या दारात उभे राहायचे. जोडीदार गोरक्षनाथ. तीस वर्षं दोघं एका दुकानात.

त्यांचं काम कसं चालायचं ते नीट ऐका. गाडीत कधी वीज जाते, कधी आपोआप येते. असला दोष शोधायला दोन माणसं लागतात. एक जण बॉनेटखाली वाकून एकेक वायर हलवतो. त्याला मीटर दिसत नाही. दुसरा आत बसून काट्यावर नजर ठेवतो; बाहेरच्यानं "हाय का रं?" विचारलं आणि काटा उभा असला, की "हाय" म्हणतो. काटा पडला की ओरडतो, "गेली!" उठला की, "आली!" आत गोरक्षनाथ बसायचा. तंबाखूची सवय, त्यामुळं अंगठ्याला कायम चुना. काटा पडला की मीटरच्या काचेवर चुन्याचा एक ठिपका द्यायचा. शेवटी ठिपके मोजायचे.

एकदा गोरक्षनाथच्या स्वतःच्या जीपचे दिवे असे जायला लागले. दोघांनी दिवसभर वायरी हलवल्या. संध्याकाळी दिवे लागले ते विझेनात. दोष काही सापडला नव्हता. नूरमहंमद म्हणाला, "झालं. ने घरी."

कॅनॉलच्या वळणावर दिवे गेले. सकाळी जीप पाण्यात सापडली. गोरक्षनाथ आत.

त्यानंतर "झालं" हा शब्द नूरमहंमदनं तोंडातून काढला नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की एवढंच म्हणायचा, "आपोआप गेलेलं आपोआप परत येतं."

गोरक्षनाथ गेल्याला दोन वर्षं उलटली. मी तेव्हा माळावरच्या विमानाच्या शेडला रखवालदार होतो. एका कारखानदाराचं चार माणसांचं लहान विमान. शेडची किल्ली माझ्या कमरेला. ते चालवायचा रविराज. तिशीतला पोरगा, संगमनेरकडचा. मला आबा म्हणायचा. येताना बायकोनं बांधून दिलेली भाकरी माझ्यासमोर सोडायचा.

विमानाला तोच रोग लागला. वर गेल्यावर रेडिओ, दिवे, काटे, सगळं एकदम बंद. मिनिटभरानं सगळं चालू. जमिनीवर आणलं की काहीच नाही. पुण्याचा इंजिनिअर दोनदा येऊन गेला. बॅटरी बदलली, वीज तयार करणारं यंत्र बदललं. दोष तसाच. मालकाला बुधवारी सकाळी नागपूरला जायचंच होतं. रविराज नाही म्हणू शकत नव्हता. शेवटी त्यानंच मला विचारलं, "आबा, वायरिंगचं कोणी चांगलं माणूस माहीत आहे?"

मी नूरमहंमदला निरोप धाडला.

१२ डिसेंबर २०२३. मंगळवार. अवस होती. संध्याकाळी सातला नूरमहंमद टेम्पो घेऊन आला. विमानाभोवती फिरला. नाकावरचं झाकण काढलं, आत डोकावला.

"ट्रॅक्टरच हाय की ह्यो. पंख फुटल्याला."

रविराज हसला. "चाचा, वीज गेली तरी ह्याचं इंजिन बंद पडत नाही. दिवसा काही भीती नाही."

"आन् रातीला?"

"रात्री मी उडवत नाही."

रविराज आत काट्यासमोर बसला, नूरमहंमद नाकाखाली वाकला. अकरापर्यंत वायरी हलवल्या. काटा एकदासुद्धा पडला नाही. रविराजला पहाटे उठायचं होतं. नूरमहंमदनंच त्याला झोपायला पाठवलं. माझ्या चौकीमागं त्याची खोली. पाच मिनिटांत घोरायला लागला.

मी चौकीत बसलो. शेड तिथून शंभर पावलांवर. वारा नव्हता. कडाक्याची थंडी.

एक वाजून वीस मिनिटं. घड्याळ बघितलं म्हणून सांगतो.

शेडमधून नूरमहंमदची हाक आली. "हाय का रं?"

तीस वर्षांची सवय. एकटा काम करताना तोंडातून निघून गेली असणार.

आतून आवाज आला. "हाय."

मला वाटलं, रविराज उठून गेला. मागं कान दिला. तो घोरत होता...

त्या रात्री बाहेरचा एकच माणूस फाटकातून आत गेला होता, नूरमहंमद. मीच सोडला होता.

पुढं काय झालं ते नूरमहंमदनं नंतर सांगितलं. आवाज ओळखला. गोरक्षनाथचा. पण हात वायरीवरच होता. त्यानं दुसरी वायर हलवली.

"हाय."

तिसरी.

"हाय."

मग अर्थिंगची जाड वायर. तिचं टोक बाहेरून चांगलं दिसत होतं.

"गेली."

सोडली.

"आली."

परत धरली.

"गेली."

त्यानं ते टोक कापलं. आतल्या तारा काळ्या पडलेल्या, तुटलेल्या. नवं टोक दाबून बसवलं. सगळ्या वायरी पुन्हा एकेक करून हलवल्या. हाय... हाय... हाय... नूरमहंमद रडत होता. दोष सापडला होता. हात बाजूला घेतले. पुसले.

"गोरख... झालं का रं?"

त्यानं पक्कड पेटीत टाकली.



मग आतून, हळू... "गेली."

हात कुठल्याच वायरीवर नव्हता.

तो विमानाच्या दाराशी गेला. बॅटरी मारली. खुर्ची रिकामी. काटा जागच्या जागी. काचेवर चुन्याचे तीन ठिपके.

त्यानं ते पुसून काढले.

पहाटे इंजिनिअर आला. कापलेलं टोक बघून खूश झाला. इंजिन चालू केलं, सगळं तपासलं, सही केली.

नूरमहंमद शेडच्या दारात आडवा उभा राहिला. "इमान काढू नका. आजून एक हाय. हात न लावता गेली."

"काटा पडला? कुणी पाहिलं?" इंजिनिअरनं विचारलं.

नूरमहंमदनं आतल्या खुर्चीकडं बोट केलं.

"अहो, रात्री आत बसलं होतं कोण?"

नूरमहंमदनं माझ्याकडं बघितलं. मी ऐकलं होतं. त्याला ते ठाऊक होतं. मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

रखवालदारानं भुताचं नाव काढलं की त्याचं हसं होतं. माझं हसं करायची कुणाची आजवर हिंमत झाली नाही. मी खाली बघितलं.

"सहादेव," नूरमहंमद मला म्हणाला, "किल्ली देऊ नगंस."

"मालकाचा हुकूम हाय, नूरभाई."

मी किल्ली दिली.

सात वाजता विमान उडालं. रविराज जाताना म्हणाला, "आबा, चारला चहा टाका. आलोच."

नूरमहंमद घरी गेला नाही. फाटकाजवळ दगडावर बसून राहिला. दिवसभर पाणीसुद्धा नाही घेतलं. दुपारी फोन आला. मालकाची बैठक लांबली. चारला परत फोन. मालक तिकडंच राहतोय, रविराज एकटाच निघाला. दिवेलागणीला पोचेल...

नूरमहंमद उठला. टेम्पो काढला. धावपट्टीच्या टोकाला नेऊन उभा केला. दिवे लावले. पोराला जमीन तरी दिसावी.

साडेसहा. अंधार. आधी आवाज. मग वर तांबडा दिवा.

"आली," नूरमहंमद पुटपुटला.

दिवा गेला.

"गेली."

दिवा लागला. खाली आला होता.

"आली... ये बाळा..."

विझला.

आवाज येत होता. दिवा नाही. आवाज आमच्या डोक्यावरून गेला. लिंबाच्या झाडांकडं...

मग आवाजही नाही.

 त्या दिवसानंतर नूरमहंमद कुणाशीच फारसं बोलला नाही. दुकान बंदच आहे. मी रखवालदारी सोडली, किल्ली मालकाला परत केली. भाकरी बांधून देणारी ती पोरगी आठव्या दिवशी आली, रविराजची पिशवी घेऊन गेली. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली नाही.

विमान पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीचे साहेब आले होते. शिवारभर तुकडे. काट्याचं मीटर बांधाला पडलेलं. सगळं मोडलं, त्याची काच शाबूत. साहेबांनी मला बोलावलं.

"रखवालदार, हा पायलट तंबाखू खायचा?"

"न्हाई साहेब. सुपारीसुद्धा न्हाई."

"मग हे काय?"

काचेवर दोन ठिपके. अंगठ्याएवढे. रात्रभर दव पडलं, उन्हं वर आली होती, बांधावरचं सगळं वाळलं होतं.

मी बोट लावलं. बोटाला चुना आला. ओला.