परीक्षेच्या हॉलमधला मुकादम

शनिवारी सकाळी ओफेलिया परीक्षेच्या हॉलपाशी पोचली आणि थबकलीच. दारात पेपरांचा गठ्ठा धरून एफ्राइन उभा! कायाम्बेच्या गुलाबमळ्यात आठवडाभर तिच्या मागे लागणारा तिचा मुकादम.

"इथेही तुम्हीच?"

"प्रौढांच्या शाळेला पर्यवेक्षक मिळेना. म्हटलं, मी येतो." इस्त्रीच्या शर्टात तो जरा... बराच वेगळा दिसत होता.

"म्हणजे आता पेपरही भरभर लिहायचा? 'ओफेलिया, हात चालव, फुलांचं विमान थांबणार नाही!'" तिने हुबेहूब नक्कल केली.

तो हसला. "तिथे हात थांबला की मी ओरडतो. इथे थांबला तर — नुसतं बघायचं."

"बघायला तर तुम्हाला दोन्हीकडे आवडतं," ती म्हणाली आणि स्वतःच लाजून आत पळाली.

शेतकी केंद्राच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळणार होती. फक्त शाळेचं प्रमाणपत्र हवं होतं. आणि गणिताने तिला आधी दोनदा आडवं केलं होतं.

आजही शेवटचं गणित जुळेना. बाकांमधून फिरत एफ्राइन तिच्यापाशी आला. त्याची नजर तिच्या कागदावर पडली... एका ओळीवर अडकली. मळ्यात तिची कात्री चुकली की तो लगेच फांदीवर बोट ठेवायचा. तिने डोळ्यांनीच विचारलं — कुठे? त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि तो खिडकीकडे निघून गेला.

असा राग आला तिला! 'नको सांगूस, जा,' ती मनात म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाली. मधेच एक वजाचं चिन्ह गळालेलं सापडलं. उत्तर लख्ख समोर आलं!

निकालाच्या दिवशी ती मळ्यात ओरडतच शिरली, "पास! पास झाले मी!" बायकांनी तिला उचलूनच घेतलं. राजीनामा देऊन ती थेट एफ्राइनसमोर उभी राहिली.

"चूक दिसली होती ना तुम्हाला?"

"दिसली होती. जीभ चावून धरली होती मी."

"का?"

"इथलं काम मळ्याचं आहे, म्हणून मी बोलतो. तिथला पेपर तुझा होता. मी बोललो असतो, तर आजचा आनंद अर्धा माझा झाला असता."

ओफेलियाचा राग कुठल्या कुठे गेला.

"आणि खिडकीशी काय करत होतात?"

"प्रार्थना." त्याचे कान लाल झाले. "आपल्या हाताखालच्या मुलीला मुकादमाने... काही विचारू नये. म्हणून तू इथून सुटावंस, असं मलाच जास्त वाटत होतं."

"सुटले की आता! विचारा."

"रविवारी... चौकात... बिस्कोचो बिस्किटं खायला येशील?"

"बस्स? एवढंच?"

"नाही." त्याने मोठा श्वास घेतला. "ओफेलिया, मला तू फार आवडतेस."

गुलाबांच्या रांगांमधून बायकांनी एकच गलका केला. ओफेलियाने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला.

"मलाही आवडतोस, एफ्राइन," ती म्हणाली. "आणि रविवारपर्यंत कोण थांबतंय? आजच जाऊ."