डाव्या हाताची सुरी

हत्यारांच्या दुकानात बायकांना उडवून लावणारा म्हातारा दुकानदार भेटेल, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. काउंटरमागे निघाला त्याचा भाचा — बाह्या वर सारलेला, मनगटाला तेल लागलेला, आणि डोळे... जाऊ दे. डोळ्यांचं नंतर सांगते.

"चामड्यात जाळी कापायचीय," मी म्हणाले. "वेल, पानं, कळ्या. आरपार. धड हत्यारं दाखवा."

"घरी कोणी कारागीर असतील, तर त्यांनाच—"

"कारागीरच आलीय. समोर उभी आहे."

तो हसला. मला हसायला वेळ नव्हता. शनिवारी बाबांना लॅम्पशेडचा एक तुकडा कापून दाखवायचा होता. कडा स्वच्छ निघाल्या तर आमच्या कारखान्यातलं जाळीकामाचं बाक माझं, नाहीतर चुलतभावाचं. आणि माझ्या कडा दोन वर्षं उंदराने कुरतडल्यासारख्या निघत होत्या. डावा हात, दुसरं काय, असं घरात सगळे म्हणत. मलाही आताशा तसंच वाटायला लागलं होतं. फक्त तोंडाने कबूल करत नव्हते.

त्याने वीस हत्यारांची पेटी काढली. मी ती परत सरकवली. "प्रदर्शन मांडायचं नाहीये मला."

कोपऱ्यांसाठी एक बारीक पोगर घेतला. कोपऱ्यात आधी भोक पाडलं की सुरी तिथे येऊन थांबते, चामडं पुढे फाटत नाही. कळ्यांच्या गोलाईला दोन अर्धगोल छिन्न्या, एक अंगठ्याएवढी, एक करंगळीएवढी. राहिली पानांच्या लांब रेषांसाठी सुरी.

"कापून बघा ना." त्याने चामड्याचा तुकडा पुढे केला.

कापलं. सुरी नेहमीसारखीच रेषेबाहेर पळाली. मला मान वर करवेना. तो मात्र वाकून माझ्या हाताकडे बघत राहिला... इतका वेळ, की माझे कान तापले.

"काय बघताय?"

"हात."

"चुकतो. माहितीय मला."

"हात नाही चुकत," तो हळूच म्हणाला. "सुरी चुकतेय." त्याने पातं उजेडात धरलं. "धारेला उतार एकाच बाजूने आहे, उजव्या हातासाठी. सगळ्याच सुऱ्या अशा येतात. तुमच्या हातात ती पळणारच."

दोन वर्षं! घरात चार कारागीर, आणि एकालाही दिसलं नव्हतं. मलाही नाही, पण ते मी कुणाला सांगत नाही.

तो धारेच्या दगडापाशी बसला. जुना उतार घासून सपाट केला, दुसऱ्या बाजूने नवा काढला. खर्र... खर्र... अख्खी दुपार. मी उभीच.

"वापरून बघा," सुरी देताना तो म्हणाला. "शनिवारी परत आणा."

शनिवारी बाबांनी माझा तुकडा दिव्यापुढे धरला. भिंतीवर वेल उमटली, पान न् पान रेखीव! बाबांनी कडांवरून तीनदा अंगठा फिरवला.

"नशीब," चुलतभाऊ पुटपुटला.

"घे की मग." मी सुरी त्याच्या हातात दिली. "तूही काप नशिबाने."

त्याच्या उजव्या हातात ती अशी पळाली, की पानाचा झाला बोळा. बाबांनी पातं निरखलं आणि कपाळाला हात लावला. "दोन वर्षं पोरीला उगाच बोललो. बाक तुझं गं!"

मी तडक दुकानात.

"सुरी आणलीत?"

"नाही, आणि देणारही नाही. डावखुरा कारागीर गावात दुसरा नाही. परत घेऊन विकणार कुणाला?"

"विकणार नव्हतोच..." तो उगाचच तेलकट बोटं पुसत राहिला.

"मग परत का मागितलीत?"

"तुम्ही परत याल म्हणून."

"एवढं बोलायला शनिवार लागला?" मी म्हणाले. "उद्या घरी या. ही धार कोणी लावली, ते बाबांना सांगा. पुढचं मी सांगते."

सांगितलंही. आता आमची धाकटी नात माझ्यासारखीच डावखुरी निघालीय. तिची सुरी तो आजही स्वतः घासतो. आणि ते डोळे... मी बाकावर बसले की अजून माझ्या हाताकडेच लागलेले असतात.